नजरेने पास केलेली मांजरं

झाँसीच्या बड्या बाजारात मांजर आडवी गेली की माणसं जागच्या जागी थबकतात. कुणी तरी दुसरा आधी पुढे जाईल, मग आपण जाऊ, अशी वाट बघत उभी राहतात. सरलाताई मोघे मात्र सरळ पुढे होतात आणि मांजरीचा डावा कान बघतात. कानाचं टोक कापलेलं असलं तर बाई आपल्या वाटेने निघाल्या. टोक शाबूत असलं तर त्या मांजरीचं काही खरं नाही. आज ना उद्या ती पिंजऱ्यात जाणार, डॉक्टर निरंजनांच्या टेबलावर झोपणार, आणि तीन दिवसांनी जिथून उचलली त्याच पायरीवर परत येऊन बसणार. पिल्लांची कटकट मात्र कायमची संपलेली.

हे कान कापणं ऐकायला वाईट वाटतं, पण मांजर भुलीत असतानाच टोक काढतात, तिला पत्ताही लागत नाही. एकदा ऑपरेशन झालेली मांजर पुन्हा कुणी धरू नये, पुन्हा तिचं पोट उघडू नये, म्हणून ही खूण. लांबूनच कळावं, हात लावावा लागू नये. बाहेरगावचा कुणी पाहुणा "अरेरे, बिचारीचा कान कुणी कापला?" म्हणून हळहळला की सरलाताईंचं डोकं फिरायचं. "बिचारी कसली? पास झालीये ती!" म्हणून त्या त्याला भर रस्त्यात झापायच्या.

बाई त्रेसष्टीच्या. पूर्वज कधीकाळी दप्तर सांभाळायला दक्षिणेतून आले आणि इथलेच होऊन गेले. आता घराण्यातली मराठी उरली ती सरलाताईंच्या तोंडात. तीही अशी, की स्वयंपाकघराला त्या अजून मुदपाकखाना म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात "अरे भैया, ज़रा हटिए" म्हणून रिक्षावाल्याला बाजूला सारतात. मुलींच्या एका इंटर कॉलेजात एकतीस वर्षं कारकुनी केली. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. फॉर्मात एक रकाना रिकामा दिसला तर बाई प्रिन्सिपलचासुद्धा कागद परत पाठवायच्या, तिथे बाकीच्यांची काय कथा!

मांजरांच्या नादी त्या लागल्या त्याही कारकुनीतूनच. नऊ वर्षांपूर्वी कॉलेजच्या जुन्या फायलींच्या कपाटात एक मांजर व्याली. शिपाई पिल्लं पोत्यात भरायला निघाले, तेव्हा सरलाताईंनी आई आणि पिल्लं सगळी बिस्किटांच्या खोक्यात घातली आणि छावणीच्या कडेला असलेल्या डॉक्टर निरंजनांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर शांत माणूस, बोलतो कमी. तो म्हणाला, "दूध पिलाइए दीदी, खूब पिलाइए. पर सिर्फ़ दूध पिलाएँगी तो अगले साल अलमारी छोटी पड़ जाएगी." सरलाताईंना ते पटलं. नुसती दया म्हणजे अर्धवट भरलेला फॉर्म, हे त्यांना दुसऱ्या कुणी समजवायची गरज नव्हती.

तेव्हापासून ही संस्था. संस्था म्हणजे एक पाटी, चार पिंजरे आणि अडीच माणसं. त्यातली दोन सरलाताई आणि अर्धी मी, असं कल्याणी म्हणायची. ही कल्याणी मूळची साताऱ्याची, चाळिशीतली. नवरा कारखान्यात इंजिनिअर, ती स्वतः विम्याच्या ऑफिसात. सुट्टीच्या दिवशी आणि सकाळी ऑफिसच्या आधी येते, म्हणून अर्धी. डॉक्टर आठवड्यातले दोन दिवस संस्थेच्या मांजरांसाठी राखून ठेवतात.

कामाची रीत ठरलेली. आदल्या संध्याकाळपासून गल्लीत कुणी मांजरांना खायला घालायचं नाही. उपाशी मांजर पिंजऱ्यात शिरते, आणि भूल द्यायलाही पोट रिकामंच लागतं. पिंजऱ्यात आमिष म्हणून जगभर मासळी ठेवत असतील. बड्या बाजारात ठेवून बघा! सगळी गल्ली व्यापाऱ्यांची, कांदासुद्धा चोरून खाणारी. मासळीचा वास आला तर मांजरांच्या आधी सरलाताईंनाच गल्लीबाहेर काढलं असतं. म्हणून त्यांनी शोधून काढली बेरी. तूप कढवल्यावर भांड्याच्या तळाशी राहते ती करपट, खमंग बेरी. तिच्या वासाने बोकेसुद्धा लाज सोडून येतात. मांजर आत शिरली, दार पडलं, की लगेच पिंजऱ्यावर जाड चादर टाकायची. अंधार झाला की ती गप्प बसते. आणि परत सोडायची ती तिथेच, दुसरीकडे कुठेही नाही. "नदीपार सोडा ना बहनजी," असं सांगणारे शंभर भेटतात. पण एक जागा रिकामी झाली की चार महिन्यांत नवी मांजरं तिथे येऊन बसतात, आणि जी सोडली ती अनोळखी मुलखात कुत्र्यांच्या तोंडी जाते. हे सांगून सांगून सरलाताईंच्या जिभेला घट्टे पडले होते.

आता या रीतीत एक फट होती. अडीच वर्षांपूर्वी बाहेरच्या एका संस्थेने शहरात मोठं शिबिर घेतलं. शेकडो मांजरांचे कान कापले आणि यादीबिदी न ठेवता मंडळी निघून गेली. त्यामुळे आपण कधीच न धरलेली, पण कान कापलेली मांजर जागोजागी भेटू लागली. अशी भेटली की सरलाताई तिला लांबूनच निरखायच्या आणि वहीत शेरा लिहायच्या: आधीच झालेली. हा शेरा मारायचा अधिकार फक्त त्यांचा. कल्याणीला तो नव्हता. "तुझी नजर अजून बसली नाही गं," म्हणायच्या.

आणि इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. बसायची होती कल्याणीची नजर, पण उठत चालली होती सरलाताईंची. चहात मीठ पडलं होतं दोनदा. वही नाकाशी धरावी लागत होती. कल्याणीने किती वेळा म्हटलं, "ताई, डोळे दाखवून या ना." "दाखवले!" असं खेकसून ताईंनी विषय मिटवला. ते खरंही होतं. डोळ्यांच्या डॉक्टरने दोन वर्षांपूर्वीच मोतीबिंदू सांगितला होता, ऑपरेशन करून घ्या म्हणाला होता. सरलाताईंनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि कुणाला बोलल्या नाहीत.

त्या घाबरत होत्या. सरळ गोष्ट आहे, त्यात लपवायचं काय? साडेतीनशे मांजरं त्यांनी आपल्या हाताने कात्रीखाली धाडली होती. रडणाऱ्या बायकांना "झोपेत होतं सगळं, कळतसुद्धा नाही" म्हणून समजावलं होतं. पण स्वतःच्या डोळ्याला कुणी हत्यार लावणार म्हटलं की तो कागद त्या पर्समध्ये आणखी खाली सारायच्या. आणि त्याहून मोठी भीती दुसरीच होती. आपल्याला दिसत नाही, हे एकदा लोकांना कळलं की वही कल्याणीकडे जाणार, पिंजरे कल्याणीकडे जाणार. मग मागे राहणार दोन खोल्या आणि एक पेन्शनर बाई. सकाळी उठून जायचं कुठे? या विचाराने त्यांना रडू यायचं, आणि रडू आलं की त्या कुणावर तरी ओरडायच्या.

तर मार्चमधल्या एका सोमवारी साहूजींचा फोन आला.

मोहनलाल साहू म्हणजे बड्या बाजारातले धान्याचे व्यापारी. पुढे दुकान, मागे गोदाम, गोदामात चण्या-मटाराची थप्पी. मांजरांच्या ऑपरेशनला गल्लीत सगळ्यात आधी त्यांनी हो म्हटलं, आणि साहूजी हो म्हणाले म्हणून गल्ली हो म्हणाली. त्यांच्याकडची सात मांजरं वहीत होती, सातही पास. त्यातली एक करड्या पट्ट्यांची, रुंद तोंडाची. धान्याच्या काट्यावर अशी ठाण मांडून बसायची, की तिला उठवल्याशिवाय मापच होत नसे. तिचं नाव चौधराइन, म्हणजे आपली पाटलीणबाई.

"बहनजी," साहूजी म्हणाले, "आपकी चौधराइन चने की बोरियों के पीछे चार बच्चों को दूध पिला रही है. मैंने अपनी आँख से देखा है. अब ये मत कहिएगा कि बाहर से आई है."

हा टोमणा होता, आणि तो वर्मी लागला. गेल्या वर्षी शेजारच्या कापडवाल्याच्या माळ्यावर तीन पिल्लं निघाली होती. साहूजी तेव्हाच म्हणाले होते, ही चौधराइनचीच. सरलाताईंनी त्यांना उडवून लावलं होतं. चौधराइन तर कधीच पास झालीये, बाहेरची कुणी येऊन व्याली असेल! साहूजींनी त्यांचा शब्द मानला होता. बाईंचा शब्द म्हणजे कागदावरचा शिक्का, असा गल्लीचा हिशेब.

सरलाताई पोचल्या तेव्हा दुकानापुढे सात-आठ जण जमले होते. चर्चा तापली होती. हे ऑपरेशन-बिपरेशन सगळं नाटक आहे, नुसते कान कापतात आणि सोडून देतात. आमच्या मांजरांचं तरी झालंय कशावरून? साहूजींनी निर्णय सांगून टाकला. बुधवारी सकाळी त्यांचा ट्रक मऊरानीपुरच्या मंडीला जाणार होता. हमाल गल्लीतली सगळी मांजरं पोत्यात भरतील, पिल्लांसकट, आणि तिकडे रस्त्यात कुठेतरी सोडून देतील. मारायचं नाही हं! मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं, तेवढं पाप कोण घेणार? मारणं पाप, आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर अनोळखी रस्त्यावर टाकून देणं म्हणजे पुण्य! वा रे न्याय!

सरलाताईंनी हे मनात म्हटलं, तोंडाने नाही. आज त्यांचं तोंड उघडेना. "बुधवार सुबह तक रुक जाइए," एवढंच कसंबसं म्हणाल्या. "मैं पता करती हूँ."

गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रजिस्टर में क्या लिखा है?"

"हो चुकी है," सरलाताई म्हणाल्या.

वहीत काय लिहिलंय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. झालेली नव्हे, आधीच झालेली. म्हणजे डॉक्टरांनी ती मांजर कधी पाहिलेलीच नाही. पण तो एक शब्द त्यांनी गिळला.

"तो फिर मुझसे ही कुछ रह गया होगा," डॉक्टर म्हणाले. "सैकड़ों में एकाध बार अंदर टुकड़ा छूट जाता है. कल ले आइए. साहूजी से मैं खुद माफ़ी माँग लूँगा."

फोन ठेवल्यावर सरलाताईंना बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. आधी बरं वाटलं.

मंगळवारी सकाळी त्या आणि कल्याणी गोदामात गेल्या. बेरीच्या वासाने चौधराइन दहा मिनिटांत पिंजऱ्यात आली. चारही पिल्लं पाचेक आठवड्यांची, डोळे टपोरे, पोत्यांवरून घसरगुंडी करणारी, बशीतली खीर चाटायला लागलेली. म्हणजे आई दिवसभर नसली तरी चालणार होतं. तरी कल्याणीने त्यांना खोक्यात घालून सोबत घेतलं. गोदामात ठेवली असती आणि हमालांनी तेवढ्यात पोत्यात भरली असती तर?

दवाखान्यात डॉक्टरांनी चौधराइनला इंजेक्शन दिलं. ती हळूहळू टेबलावर सैल पडली. डॉक्टर हात धुवायला गेले. सरलाताई नेहमीप्रमाणे तिचं डोकं धरून उभ्या राहिल्या, आणि त्यांचं बोट आपोआप तिच्या डाव्या कानावरून फिरलं.

कात्रीने कापलेल्या कानाची कड सरळ असते, फडक्याच्या शिवणीसारखी. ही कड वेडीवाकडी होती. मधे एक खाच, खाचेपासून खाली चिरत गेलेलं. भांडणात कुणा बोक्याने कान फाडला असणार. डोळ्यांना लांबून तोकडा दिसला, आणि तोकडा दिसला म्हणजे कापलेला! बोटाला जे एका क्षणात कळलं ते या डोळ्यांनी दोन वर्षं कळू दिलं नव्हतं. सरलाताईंनी टेबलाची कड धरली.

डॉक्टर आले. दूध पाजणाऱ्या मांजरीचं ऑपरेशन पोटाऐवजी कुशीतून करतात, म्हणून त्यांनी कुशीवरचे केस काढले. मग पोटावरचेही काढले. दोन्हीकडे कातडी कोरी होती, टाक्याची खूण कुठेच नव्हती. त्यांनी चौधराइनच्या कानाकडे पाहिलं, मग सरलाताईंकडे.

"कल्याणीजी, ज़रा रजिस्टर पढ़िए," ते म्हणाले.

कल्याणीने पान काढलं. वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. मग हळूच म्हणाली, "आधीच झालेली. ताईंचं अक्षर आहे."

खोक्यात पिल्लं ओरडत होती. डॉक्टरांनी निमूटपणे ऑपरेशन केलं, टाके घातले, आणि शेवटी त्या फाटक्या कानाचं टोक सरळ कापलं. हातमोजे काढताना ते बोलले. "दीदी, बात यहीं रहने दीजिए. मैं शाम को आकर कह दूँगा कि चूक मेरी थी. डॉक्टर से एक बिल्ली में चूक हो जाए तो लोग भूल जाते हैं. पर आपकी नज़र पर शक हो गया तो पूरी गली हाथ से जाएगी. कल ट्रक है."

"बरोबर आहे त्यांचं," कल्याणी म्हणाली. "आज मांजरं वाचवू. बाकी मागाहून बघता येईल ना, ताई."

बरोबरच होतं. त्यात खोट काढायला जागा नव्हती. सरलाताई स्टुलावर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "कल्याणी, तो शेरा किती ठिकाणी आहे, मोज."

कल्याणीने पानं उलटत मोजलं. "एक्केचाळीस."

"बड्या बाजारात?"

"अकरा. चौधराइन धरून."

एक्केचाळीस मांजरं. नजरेने पास केलेली. त्यातल्या किती खरोखर झालेल्या आणि किती नुसत्या कान फाटलेल्या, देवाला ठाऊक. आणि डॉक्टरांनी दोष आपल्या डोक्यावर घेतला, की वहीवर पुन्हा शिक्का बसणार. मग त्या मांजरांकडे कोण कशाला वळून बघेल? मांजरी वर्षातून दोन-तीनदा वितील, पिल्लं चाकाखाली जातील, नाल्यात जातील, पोत्यात जातील, आणि वहीत मात्र सगळं पास. एकतीस वर्षं ज्या बाईने खोट्या कागदावर सही केली नाही तिच्या हातची ही वही! सरलाताईंना स्वतःची किळस आली.

संध्याकाळी पाचला चौधराइन शुद्धीवर येऊन चालू लागली. अंगावर पाजणारी आई, म्हणून तिला नेहमीसारखं तीन दिवस ठेवून न घेता तिघं बड्या बाजारात आले. गोदामात चण्याच्या पोत्यांमागे तिला सोडलं, खोक्यातली पिल्लं तिच्यापुढे ठेवली. तिने एकेकाला हुंगलं, दवाखान्याचा वास आला म्हणून नाक मुरडलं, आणि मग चाटायला सुरुवात केली. दुकानापुढे पुन्हा माणसं जमलीच होती. साहूजी गादीवर बसलेले, चेहरा ताठ.

डॉक्टरांनी हात जोडले. "साहूजी, इसमें गलती..."

"रुकिए डॉक्टर साहब." सरलाताई पुढे आल्या. आवाज कापत होता, त्यांनी तो कापू दिला. "इनकी कोई गलती नहीं है. इन्होंने तो ये बिल्ली आज पहली बार देखी. गलती मेरी है. कान लड़ाई में फटा था, मैंने दूर से देखकर कटा समझ लिया. मुझे ठीक से दिखता नहीं. दो साल से नहीं दिखता. डॉक्टर ने कहा था ऑपरेशन करा लो, मैंने डर के मारे नहीं कराया और किसी को बताया भी नहीं. पिछले साल आप सच कह रहे थे, मैंने आपको झूठा ठहराया."

कापडवाला कुणाच्या तरी कानाशी काही कुजबुजला आणि फिदीफिदी हसला. कल्याणीने खाली मान घातली. मूर्ख बाई, सगळं घालवलंस, असं सरलाताईंनी स्वतःलाच ऐकवलं. डोळ्यांत पाणी आलं आणि जे काही थोडंफार दिसत होतं तेही धूसर झालं.

साहूजींनी विचारलं, "ऐसी और कितनी हैं, जो आपने सिर्फ़ आँख से देखकर लिखीं?"

"इकतालीस. इस गली में ग्यारह."

"और बाकी? जो डॉक्टर साहब की मेज़ पर गईं?"

"उनकी एक-एक की पर्ची है. उनमें मेरी आँख का काम नहीं."

साहूजी बराच वेळ दाढी खाजवत बसले. व्यापारी माणूस. माप चुकलं असं स्वतःहून सांगणारा गादीवरच्या चाळीस वर्षांत त्यांना किती वेळा भेटला असेल? ते उठले, चपला पायांत सरकवल्या. मुनीमाला सांगितलं, "ट्रक में कल सिर्फ़ माल जाएगा." आणि मग सरलाताईंना म्हणाले, "मेरे कहने से गली ने हाँ की थी. अब हर दुकान पर चलिए और जो मुझसे कहा वही कहिए. मैं साथ चलता हूँ, पर बोलूँगा नहीं. कान अब कल्याणीजी देखेंगी."

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. पण दोन वर्षं ज्याच्या भीतीने त्या झोपेतून दचकून उठत होत्या ते हेच होतं, आणि ते असं भर बाजारात, चपला घालता घालता होऊन गेलं. सरलाताईंनी वही पिशवीतून काढली आणि कल्याणीच्या हातात दिली. कल्याणी घेईना. "अगं धर!" त्या खेकसल्या. "हात दुखतोय माझा." तेव्हा तिने घेतली.

मग ही वरात निघाली. पुढे साहूजी मुक्याने, मागे सरलाताई, त्यांच्या मागे वही उराशी धरलेली कल्याणी. डॉक्टर दवाखान्यात परतले. कापडवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि तोंडावर म्हणाला, "ये तो हमको पहले से शक था." मिठाईवाल्याने "कोई बात नहीं मौसी" म्हणून लाडू पुढे केला, तो त्यांनी न खाता पिशवीत टाकला. अत्तरवाल्याने वाद घातला, त्याची मांजर तो आता धरू देणार नाही म्हणाला; पुन्हा पुन्हा समजावल्यावर गुरुवारी बघू म्हणाला. प्रत्येक पायरीवर तेच बोलायचं. मला दिसत नाही, मी लपवलं, चूक माझी. पहिल्या दुकानात जीभ जड झाली होती. चौथ्या दुकानात त्या बोलल्या, पाणी प्यायल्या आणि पुढे निघाल्या.

गल्लीच्या टोकाला कसेरेजींचं पितळी भांड्यांचं दुकान. म्हातारा पंचाहत्तरीचा, एकटाच बसलेला, मांडीवर परात घेऊन फडक्याने पुसत होता. त्याच्याकडची पांढरी मांजर वहीत होती, शेरा तोच. सरलाताईंनी आपलं सगळं बोलून टाकलं. म्हाताऱ्याने हात थांबवले नाहीत. त्याने साहूजींकडे पाहिलं, पलीकडे उभ्या कल्याणीकडे पाहिलं, आणि सरलाताईंना जवळ यायची खूण केली. त्या वाकल्या.

"दिखता तो हमें भी नहीं है, बहनजी," तो अगदी हळू म्हणाला. "डेढ़ साल से. भाव भी याददाश्त से बोलते हैं. घर में पता चला तो लड़के गद्दी से उठा देंगे."

सरलाताईंनी पदराने चेहरा पुसला, पायरीवरची दोन पातेली बाजूला सरकवली आणि त्याच्याशेजारी बसल्या.

"कल दस बजे तैयार रहिए," त्या म्हणाल्या. "मुझे भी अकेले जाने में डर लगता है."